ओळखीचा पहारेकरी : विकतचा की घरचा?

व्यापारात भांडवल उसने मिळते, पत मात्र उसनी मिळत नाही. पेढीचे नाव सांगताच समोरच्या आडत्याने माल सोडावा, दोन ओळींच्या चिठ्ठीवर लाखाची उधारी मिळावी, ही पुण्याई दोन-तीन पिढ्यांच्या चोख व्यवहारातून साठत आलेली असते. पूर्वी ही पत माणसाच्या चेहऱ्याला आणि शब्दाला जोडलेली होती. आज बँक, सरकार आणि मोठे पुरवठादार पॅन, आधार, मोबाइल क्रमांक आणि जीएसटी क्रमांक पाहतात. चेहरा कोणी चोरून नेत नव्हते. क्रमांक चोरता येतात आणि चोरले जात आहेत.

दुसऱ्याच्या नावाने कर्ज उचलणे, सिमकार्ड काढणे, बँकेत खाते उघडणे किंवा व्यवसायाची नोंदणी करणे, या साऱ्याला आता ‘ओळखचोरी’ असे नाव पडले आहे. चोरी वाढली तसा तिच्यावरचा पहाराही विक्रीस आला. कार्डाबरोबर ‘संरक्षण योजना’ घ्यावी म्हणून बँकेकडून दूरध्वनी येतो, एखादे ॲप पतगुणांकावर लक्ष ठेवण्याची हमी देते, विमा कंपन्या सायबर पॉलिसी पुढे करतात. माणशी रक्कम फार वाटत नाही. पण समजा, एकत्र कुटुंबात सात प्रौढ माणसे आहेत आणि माणशी वार्षिक पंधराशे रुपये पडतात. म्हणजे दरवर्षी साडेदहा हजार रुपये झाले. एवढे पैसे देणे योग्य आहे का? भाव ठरविण्यापूर्वी व्यापारी माल उघडून पाहतो. येथेही तोच क्रम धरणे इष्ट.

पोत्यात माल कोणता?

अशा सेवांत सामान्यतः तीन गोष्टी असतात. पहिली, पतमाहिती कंपन्यांकडील नोंदींवर नजर आणि काही बदल दिसल्यास सूचना. दुसरी, चोरलेल्या माहितीचा जेथे बाजार भरतो त्या इंटरनेटच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत ग्राहकाचा क्रमांक आढळतो का याचा शोध. तिसरी, चोरी झाल्यावर कागदपत्रांसाठी मदत किंवा ठरावीक मर्यादेपर्यंत विमा. यांपैकी एकही गोष्ट चोरी थांबवीत नाही. हा कुलूपवाला नव्हे. चोर आत शिरल्याची वर्दी देणारा गुरखा आहे. वर्दी लवकर मिळण्याला मोल आहे, यात शंका नाही. पण तीच वर्दी फुकट मिळत असेल तर मोल कशाचे द्यायचे, एवढाच प्रश्न उरतो.

आणि ती बऱ्याच अंशी फुकट मिळते. ग्राहकाचा पत-अहवाल एखाद्या बँकेने वा वित्तसंस्थेने पाहिला, की त्याला लघुसंदेशाने किंवा ई-मेलने कळवावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये पतमाहिती कंपन्यांना दिला. त्याच्या अंमलबजावणीसाठी सहा महिन्यांची मुदत होती, ती एप्रिल २०२४ मध्ये संपली. कर्ज देणारा बहुधा आधी अहवाल पाहतो. म्हणून ही सूचना कर्ज मंजूर होण्यापूर्वीच हाती येऊ शकते.

अंधाऱ्या बाजारातील शोधाबद्दलही असेच म्हणता येईल. पासवर्ड फुटला तर तो बदलता येतो. पॅन किंवा आधार क्रमांक फुटल्याचे कळले, तरी ते क्रमांक बदलून मिळत नाहीत. मग हाती उरतात ती दक्षतेची तीच कामे, जी बातमी नसतानाही करावयास हवीत.

विलायतेतील अनुभव

हा धंदा भारतात नवा असला तरी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तो बराच मुरलेला आहे, आणि तेथील हिशेब उघड झालेला आहे.

अमेरिकेत २००५ मध्ये सुरू झालेल्या लाइफलॉक या कंपनीचे प्रमुख टॉड डेव्हिस यांनी स्वतःचा सोशल सिक्युरिटी क्रमांक जाहिरातींत झळकविला होता. आपल्या सेवेवर इतका विश्वास आहे की क्रमांक जगजाहीर करावयास भीती नाही, असा त्याचा अर्थ. पुढे २००७ मध्ये त्याच क्रमांकावर टेक्सासमध्ये कोणीतरी ५०० डॉलरचे कर्ज उचलले. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि ३५ राज्यांनी दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल या कंपनीला १ कोटी २० लाख डॉलर भरावयास लावले. त्या आदेशाचे पालन झाले नाही म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये आणखी १० कोटी डॉलरची तडजोड करावी लागली.

ब्रिटनमध्ये सीपीपी ही कंपनी बँकांमार्फत कार्ड-संरक्षण आणि ओळख-संरक्षण योजना विकत असे. कार्ड हरविल्यास एक लाख पौंडांपर्यंत विमा मिळेल, असे ग्राहकांना सांगितले जाई. वस्तुतः कार्ड हरविल्याची वर्दी दिल्यानंतरच्या गैरवापराची जबाबदारी तेथे मुळातच बँकेची होती. जे आधीच मिळालेले आहे तेच पुन्हा विकले जात होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये तेथील वित्तीय नियामकाने कंपनीस १ कोटी ५ लाख पौंडांचा दंड केला. पुढील वर्षी सुमारे ७० लाख ग्राहकांसाठी १३० कोटी पौंडांपर्यंतची भरपाई योजना जाहीर झाली, आणि तीत योजना विकणाऱ्या बँकांनाही वाटा उचलावा लागला.

तिसरा धडा अधिक गंभीर आहे. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीचीच तिजोरी फुटली आणि सुमारे १४ कोटी ७० लाख अमेरिकन नागरिकांची माहिती चोरांच्या हाती गेली. पतनोंदींचा सांभाळ हेच जिचे काम, तिच्याकडे सर्वांची माहिती एकत्र साठलेली असते. म्हणून चोराची नजरही प्रथम तिकडे वळते. ओळख-संरक्षणाच्या ॲपला पॅन, आधार, सर्व बँकखाती आणि कार्डे यांचे तपशील देणे म्हणजे घरातील आणखी एक किल्ली बाहेर ठेवणे होय. ती कोणाच्या हाती दिली, हे पाहिलेच पाहिजे.

या घटनेनंतर अमेरिकेत एक चांगली गोष्ट घडली. २१ सप्टेंबर २०१८ पासून प्रत्येकाला आपला पत-अहवाल विनामूल्य गोठविण्याचा हक्क कायद्याने मिळाला. अहवाल गोठविला की नवा कर्जदाता तो पाहू शकत नाही, आणि चोराला त्या नावाने नवे कर्ज मिळणे अवघड होते. जुन्या कार्डांचे व्यवहार मात्र अबाधित राहतात. ज्या कुटुंबांतील मुले-सुना न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थिरावल्या आहेत, त्यांनी इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही कंपन्यांकडे स्वतंत्रपणे हा अर्ज करावा. ऑनलाइन किंवा दूरध्वनीवरून केलेली मागणी एका कामकाजाच्या दिवसात अमलात येते. घरकर्जाच्या वेळी गोठण उठविण्यास एक तास पुरतो. हे खरे कुलूप आहे, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

व्यापारी घराचा खरा धोका

तसा कायदेशीर हक्क भारतात नाही. म्हणून येथे दक्षतेवर अधिक भिस्त ठेवावी लागते, आणि व्यापारी घराचा धोका नोकरदारापेक्षा निराळा आहे हे ओळखावे लागते.

पहिला धोका लहान कर्जाचा. अभिनेते राजकुमार राव यांनी एप्रिल २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितले, की आपल्या पॅनवर कोणीतरी २,५०० रुपयांचे कर्ज घेतले आणि त्यामुळे आपला पतगुणांक बिघडला. रक्कम पाहून हसू येईल. पण व्यापाऱ्याने हसू नये. पेढीच्या कॅश क्रेडिट मर्यादेचे नूतनीकरण करताना बँक भागीदारांचे आणि जामीनदारांचे पत-अहवाल पाहते. कागदोपत्री भागीदार असलेल्या सुनेच्या किंवा आईच्या नावावर दोन हजारांचे थकीत कर्ज दिसले, तर दिवाळीच्या खरेदीच्या तोंडावर पेढीची मर्यादा अडकून पडू शकते. तक्रार करून नोंद दुरुस्त होते. हंगाम मात्र परत येत नाही.

दुसरा धोका जीएसटीचा, आणि तो विकतच्या पहारेकऱ्याला बहुधा दिसतच नाही. पत-अहवालात कर्जे आणि कार्डे दिसतात. कोणाच्या पॅनवर कोणत्या राज्यात कोणती पेढी नोंदविली गेली, हे त्यात दिसत नाही. एकाचे पॅन-आधार, दुसऱ्याचे वीजबिल आणि बनावट भाडेकरार जोडून नोंदणी मिळवायची, मालाविना बिले फाडायची, कराचा परतावा इतरांच्या पदरी टाकायचा आणि नाहीसे व्हायचे, ही रीत करखात्याला परिचित आहे. १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात झालेल्या देशव्यापी मोहिमेत २१,७९१ नोंदण्यांमागे प्रत्यक्षात कोणतीही पेढी आढळली नाही, आणि सुमारे २४,०१० कोटी रुपयांच्या संशयित करचोरीचा छडा लागला. त्या साऱ्याच नोंदण्या चोरलेल्या ओळखीच्या होत्या असे नव्हे. पण ज्यांच्या नावावर अशी पेढी निघते, त्यांच्या दारी लाखोंच्या मागणीची नोटीस येते, आणि आपण ती बिले फाडलीच नाहीत हे सिद्ध करण्यात वर्षे जातात.

येथे आणखी एका गोष्टीचा विचार आवश्यक आहे. ही कागदपत्रे चोराला मिळतात कोठून? प्रत्येक वेळी संगणक फोडावा लागतो असे नाही. गाळा भाड्याने देताना, नवे सिमकार्ड घेताना, वाहनकर्जाच्या दलालाला, वाहतूकदाराला, लग्नकार्यात हॉटेलच्या खोल्यांसाठी पाहुण्यांच्या यादीसोबत, अशा झेरॉक्स प्रती सढळ हाताने वाटल्या जातात. दुकानातील संगणकावर सर्व कुटुंबाचे पॅन-आधार एकाच फोल्डरमध्ये असतात आणि ते नोकरांनाही उघडता येते. करसल्लागाराच्या कार्यालयातील मदतनिसाला ओटीपी दूरध्वनीवरून सांगितला जातो. जे घर तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या हाती देत नाही, ते आपली ओळख मात्र व्हॉट्सॲपवरून पाठवून देते.

विनामूल्य कुलपे

पुढील सोयींना काही मोल पडत नाही. फक्त नेमाने वेळ द्यावा लागतो.

पत-अहवाल : रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २०१७ पासून प्रत्येक व्यक्तीला प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. चारही अहवाल एकाच दिवशी मागविण्याऐवजी दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा मागवावा; वर्षभराची पाळत आपोआप होते. अनोळखी कर्ज दिसल्यास त्वरित लेखी तक्रार नोंदवावी. तक्रारीचे निवारण ३० दिवसांत झाले नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे.

जीएसटी आणि आयकर : जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन क्रमांक टाकून त्यावर देशभरात किती नोंदण्या आहेत हे कोणालाही पाहता येते. कुटुंबातील प्रत्येक पॅनसाठी, विशेषतः ज्यांचा स्वतःचा व्यवसाय नाही अशा स्त्रिया आणि वडीलधारे यांच्यासाठी, हे पाहावे. परकी नोंदणी आढळल्यास पॅनच्या गैरवापराची तक्रार तेथेच करता येते. आयकराच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणपत्रातही पॅनशी जोडलेले व्यवहार आणि जीएसटीची उलाढाल दिसते. विवरणपत्र भरण्याच्या दिवसांत करसल्लागार ते पाहतोच; घरच्या माणसानेही एकदा डोळ्यांखालून घालावे.

आधार : बोटांचे ठसे आणि डोळ्यांची ओळख आधारच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून बंद करून ठेवता येते. काही राज्यांत मालमत्तेच्या नोंदणीच्या दस्तांवरील अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांच्या नकला बनवून आधारजोडीच्या खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. जमीन-गाळ्यांचे व्यवहार करणाऱ्या घरांना हा इशारा पुरेसा आहे. ठशांची गरज पडेल तेव्हा कुलूप तात्पुरते उघडता येते. आधारची प्रत देणे भाग असेल तेथे केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी झाकलेली प्रत द्यावी. गेल्या सहा महिन्यांत आधारची पडताळणी कोणी, कधी केली याचा तपशीलही संकेतस्थळावर मिळतो.

सिमकार्ड : दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर आपल्या नावाने चालू असलेले सर्व मोबाइल क्रमांक दिसतात. अनोळखी क्रमांक तेथूनच कळविता येतो.

बँक : जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने अनधिकृत ऑनलाइन व्यवहारांबाबत ग्राहकाच्या जबाबदारीची मर्यादा ठरविली. दोष बँकेचा असेल, तर ग्राहकावर भार नाही. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा प्रसंगी तीन कामकाजाच्या दिवसांत वर्दी दिल्यास ग्राहकाला काही सोसावे लागत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत ठरावीक मर्यादेतच सोसावे लागते. मात्र ओटीपी किंवा पिन स्वतःच सांगितला असेल, तर वर्दी देईपर्यंतचे नुकसान त्याचेच. म्हणून पैसे गेल्याचे कळताच आधी बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकाला दूरध्वनी करावा. भाऊबंदांत चर्चा नंतर करावी.

पैसे कोणी द्यावेत?

एवढे सारे विनामूल्य असताना विकतची सेवा सर्वस्वी निरर्थक ठरते असे नाही. ज्याची ओळख एकदा चोरली गेली आहे त्याच्या नावावर पुन्हा प्रयत्न होण्याचा संभव असतो. त्याने वर्ष-दोन वर्षे रोजची पाळत विकत घेणे समजण्याजोगे आहे. मुले परदेशी आणि वृद्ध आई-वडील गावी एकटे, अशा घरातही सूचना मुलांपर्यंत पोहोचविणारी सेवा उपयोगी पडते. ज्या घरात वर्षातून चार दिवसही या कामासाठी कोणाला सवड होणार नाही, त्यांनीही पैसे द्यावेत. मात्र आपण सुरक्षिततेचे नव्हे, तर आठवण करून देण्याचे पैसे देत आहोत, हे ध्यानात ठेवावे.

विमा घेताना चार प्रश्न लेखी विचारावेत. व्यवसायाचे नुकसान धरलेले आहे का? व्यक्तिगत पॉलिसीत ते बहुधा वगळलेले असते, आणि व्यापाऱ्याचे नुकसान तर बहुधा पेढीतच होते. कुटुंबातील कोणकोण त्यात येते? फसवून काढून घेतलेल्या ओटीपीमुळे झालेले नुकसान मिळते का? वर्दी किती तासांत देण्याची अट आहे? उत्तरे समाधानकारक असतील तर पॉलिसीचा विचार करावा; दूरध्वनीवरील गोड शब्दांवर होकार देऊ नये. कार्डाच्या मासिक पत्रकात अशा योजनेची वर्गणी न विचारता लागली आहे का, हेही तपासावे.

घरातील पहारेकरी

शेवटी प्रश्न उरतो तो घराच्या शिस्तीचा. बहुतेक व्यापारी कुटुंबांत सर्वांच्या खात्यांना एकच मोबाइल क्रमांक जोडलेला असतो. थोरल्या भावाचा, नाहीतर दुकानाचा. आईचे खाते, वहिनींचे पॅन, शिक्षणासाठी परगावी असलेल्या मुलीचे आधार, सर्वांच्या सूचना त्या एकाच फोनवर येतात, आणि दुकानाच्या गर्दीत त्या वाचल्याविना खाली सरकतात. रिझर्व्ह बँकेने विनामूल्य दिलेली वर्दी अशा रीतीने वाया जाते, आणि मग तीच वर्दी विकत घेण्याची वेळ येते.

यावर उपाय साधा आहे. ज्याचे नाव, त्याचाच क्रमांक. ज्या स्त्रीला पेढीत भागीदार केले आहे, तिच्या पॅनवरील सूचना तिच्या फोनवर याव्यात, तिचा पत-अहवाल तिने स्वतः वाचावा आणि ज्या कागदावर सही करते तो कशाचा आहे हे तिला ठाऊक असावे. कोरी सही घेण्याची पद्धत घराघरांतून बंद व्हावी. घरातील व्यक्ती निवर्तल्यावर वारसांनी तिचे शेवटचे विवरणपत्र भरून पॅन परत करण्याचा अर्ज करावा, तिचे सिमकार्ड बंद करावे. दिलेल्या प्रत्येक झेरॉक्स प्रतीवर कोणाला, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेस दिली हे आडवे लिहावे.

कुटुंबातील एका तरुण मुलाकडे किंवा सुनेकडे हे काम सोपवावे. त्याची एक छोटी वही करावी : सदस्याचे नाव, जोडलेला मोबाइल क्रमांक, अहवाल पाहिल्याची तारीख, आढळलेली त्रुटी. पूर्ण पॅन किंवा आधार क्रमांक त्या वहीत लिहू नये. जमाखर्चाचा रोजमेळ लागल्याशिवाय दुकान न मिटणाऱ्या घरांना तीन महिन्यांतून एकदा हा ताळा जुळविणे जड जाऊ नये. विकतचा पहारेकरी त्यानंतर ठेवावासा वाटला, तर जरूर ठेवावा. तोवर त्याला काय विचारायचे हे घराला कळलेले असेल.